दाखल नोंदवहीबाहेरची पुस्तके

ग्रंथालयात नवे पुस्तक आले की त्याचे सोपस्कार ठरलेले असतात. शीर्षकपृष्ठावर आणि आतल्या एका ठरावीक गुप्त पानावर शिक्का बसतो. मग दाखल नोंदवहीत एक ओळ भरली जाते: दिनांक, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत, विक्रेता, बिल क्रमांक, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. ही ओळ भरली की ते पुस्तक संस्थेच्या मालकीचे झाले. ते कितीदा द्यायचे, कोणाला द्यायचे, फाटले तर बांधून घ्यायचे की बाद करायचे, हे त्यापुढे ग्रंथालय ठरवते. प्रकाशकाला किंवा विक्रेत्याला त्यात काही म्हणायला जागा उरत नाही. छापील पुस्तकाकडून इलेक्ट्रॉनिक पुस्तकाकडे जाण्याची चर्चा आपल्याकडे बहुधा कागदाचा वास, डोळ्यांचा शीण आणि तरुणांचे वाचन या तीन मुद्द्यांभोवती घोटाळते. हे मुद्दे खोटे नाहीत, पण ते आवडीनिवडीचे आहेत. ग्रंथालयासाठी प्रश्न वेगळा आहे. इलेक्ट्रॉनिक पुस्तकाची तशी ओळ दाखल नोंदवहीत भरता येत नाही, कारण ते विकत घेतलेलेच नसते. त्याच्या वापराचा परवाना घेतलेला असतो. मालक असलेले ग्रंथालय इथे भाडेकरू होते. या स्थित्यंतराचे बाकीचे सगळे परिणाम या एका बदलातून निघतात, आणि जालन्यासारख्या जिल्ह्यात ते मुंबई-पुण्याहून अधिक बोचतात, असे मला मांडायचे आहे.

भाडेकरूपणाचे पुरावे जगात पुरेसे जमा झाले आहेत. २००९ च्या जुलैत अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसेही परत दिले गेले. पण छापील प्रत विकल्यावर दुकानदार घरात शिरून ती घेऊन जाऊ शकत नाही, हा फरक त्या दिवशी जगाला दिसला. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले आणि ग्राहकांनी घेतलेली सगळी पुस्तके एकदम नाहीशी झाली. ग्रंथालयांपुरते पाहायचे तर हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये नियम केला की ग्रंथालयाला दिलेले ई-पुस्तक सव्वीस वेळा दिले गेले की परवाना संपला, पुन्हा पैसे भरा. कारण असे दिले गेले की छापील प्रतही इतक्या देवघेवीत झिजते. ज्याने मराठी वाचनालयातल्या पुठ्ठा बदललेल्या, पाठीला कापड डकवलेल्या कादंबऱ्या हाताळल्या आहेत त्याला या सव्वीसच्या आकड्याचे हसू येईल.

हे अमेरिकेतले प्रकरण, आपल्याला काय त्याचे, असे म्हणणाऱ्याने आपल्याकडची दिवाळी अंकांची योजना आठवावी. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा प्रकार मराठीत रुजला, आणि गावोगावच्या ग्रंथालयांनी त्याभोवती आपले एक साधे अर्थकारण उभे केले. सभासद ठरावीक रक्कम भरतो, ग्रंथालय अंकांचा गठ्ठा घेते, आणि तोच अंक दिवाळीपासून पुढे कित्येक महिने या घरातून त्या घरात फिरत राहतो. एका अंकाच्या किमतीत अनेक घरांचे वाचन होते. प्रकाशकही त्याला हरकत घेत नाही, कारण कायद्याने त्याला ती घेताच येत नाही. प्रताधिकार अधिनियम १९५७ च्या कलम १४ नुसार प्रती वितरित करण्याचा हक्क लेखकाकडे असतो, पण एकदा वितरित झालेल्या प्रतींना तो लागू होत नाही. आपली सगळी देवघेव या एका अपवादावर उभी आहे. ई-अंकाला हा अपवाद लागत नाही. तो एका खात्यावर उतरतो, त्या खात्याच्या मालकाने वाचायचा. शेजाऱ्याला द्यायचा तर पासवर्ड द्यावा लागतो, आणि तसे न करण्याच्या अटीवर त्याने आधीच टिचकी मारलेली असते.

आता आपल्या कायद्यांकडे पाहू. ते सगळे प्रत हातात धरता येते असे गृहीत धरून लिहिलेले आहेत. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याने प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना देणे बंधनकारक केले. त्या तिघांपैकी महाराष्ट्रातले ते मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय. या कायद्यातली पुस्तकाची व्याख्या छापलेल्या किंवा शिळाछापावर काढलेल्या गोष्टींपुरती आहे. ज्या कादंबरीची छापील आवृत्ती निघालीच नाही ती या व्याख्येत बसत नाही, आणि मग ती कुठेही जमा करण्याचे बंधन कोणावर नाही. त्याही आधीचा १८६७ चा छापखाने आणि पुस्तक-नोंदणीचा कायदा तर इंग्रजांनी लक्ष ठेवण्यासाठी केला होता. पण त्यामुळे प्रांतोप्रांती छापलेल्या पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या निघत राहिल्या, आणि पाळतीसाठी केलेल्या त्या याद्या पुढे अभ्यासकांच्या कामी आल्या. त्या कायद्याच्या जागी २०२३ चा नियतकालिक नोंदणीचा नवा कायदा आला, १ मार्च २०२४ पासून तो लागू झाला, आणि त्यातून पुस्तके वगळली गेली. याची मराठी ग्रंथव्यवहारात जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. शंकर गणेश दाते यांनी ग्रंथालये पालथी घालून १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची १९४४ मध्ये सिद्ध केली, पुढे १९५० पर्यंतचा खंडही केला. एका माणसाने हे काम केले याचे आपण कौतुक करतो ते रास्तच आहे. पण ते शक्य झाले याचे एक कारण असे की पुस्तके कुठल्या ना कुठल्या कपाटात होती. २०१० नंतरच्या, केवळ पडद्यावर निघालेल्या मराठी साहित्याची सूची उद्या कोणी करायला घेतली तर त्या अभ्यासकाने कोणत्या गावी जायचे?

प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने एक सवलत आली. बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत साठवता येते, मात्र त्या पुस्तकाची अ-डिजिटल प्रत ग्रंथालयाकडे आधीच असली पाहिजे. भारतात विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती करण्याची मुभा त्याआधीपासून होतीच. दोन्ही तरतुदी चांगल्या आहेत, आणि मराठवाड्यातल्या किती ग्रंथालयांच्या कार्यकारिणीत त्यांचा कधी विषय निघाला असेल याबद्दल मला शंका आहे. पण पहिल्या तरतुदीतली अट पुन्हा वाचावी. डिजिटल जतनाचा हक्क छापील प्रतीच्या मालकीतून येतो. ज्याची छापील प्रत मुळातच निघाली नाही त्याचे जतन करायला या सवलतीत जागा नाही.

महाराष्ट्राची ग्रंथालय-व्यवस्थाही छापील प्रतीच्या मोजमापावरच चालते. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने राज्यात ग्रंथालय संचालनालय आणि मान्यताप्राप्त ग्रंथालयांची साखळी उभी केली. ती सरकारी शाखांची नसून लोकांनी चालवलेल्या संस्थांना अनुदान देण्याची पद्धत आहे, आणि तिचा विस्तार बारा हजारांच्या आसपास गेला. अ, ब, क, ड हे वर्ग १९७० च्या नियमांनी ठरतात. ग्रंथसंख्या किती, वृत्तपत्रे आणि नियतकालिके किती, ग्रंथालय किती तास उघडे असते. तपासणीला आलेला अधिकारी दाखल नोंदवही आणि कपाट ताडून पाहतो. २०१२ मध्ये महसूल यंत्रणेकडून राज्यभर पडताळणी झाली तेव्हा कागदावरच चालणारी ग्रंथालये उघडी पडली, मान्यता रद्द झाल्या, आणि त्यानंतर नव्या मान्यता आणि वर्गवाढ बराच काळ अडून राहिली. त्या बदनामीची किंमत प्रामाणिक ग्रंथालयांनी अधिक मोजली, हे सांगितले पाहिजे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की ज्या व्यवस्थेला मोजता येईल अशी प्रतच समजते, तिच्यात ई-साहित्य घेणाऱ्या ग्रंथालयाला काही मिळत नाही. मंठ्याच्या किंवा जाफराबादच्या एखाद्या ड वर्ग ग्रंथालयाने आपले तुटपुंजे पैसे ई-पुस्तकांवर घातले तर तपासणीत ते रिकाम्या कपाटासारखे दिसतील. म्हणून ते स्वस्त छापील पुस्तकांचे गठ्ठे घेते. केवळ ग्रंथालयांना खपवण्यासाठी निघणाऱ्या पुस्तकांचा जो धंदा आपल्याकडे बोकाळला त्याचे मूळ वाचकाच्या अभिरुचीत शोधू नये. ते या मोजमापात आहे.

मराठीची आणखी एक खास अडचण आहे, आणि ती इंग्रजी ग्रंथालयशास्त्राच्या पुस्तकांत सापडत नाही. आपल्याकडे छपाई खिळ्यांवरून थेट आजच्या ई-पुस्तकावर आली नाही. मधली दोन-अडीच दशके डीटीपीची गेली. पेजमेकर, त्यावर श्रीलिपी किंवा आकृती, कुठे सी-डॅकचे आयएसएम. अंबडच्या स्मरणिकेपासून मुंबईच्या मोठ्या प्रकाशकापर्यंत सगळ्यांची पाने अशी जुळली. या फाँटांत अक्षराची सांकेतिक जागा प्रत्येक कंपनीने आपापली ठरवली होती. परिणाम असा की तेव्हाची फाइल आज उघडली, आणि ती उघडली हेही नशीबच म्हणायचे, तर ‘प्रस्तावना’ या शब्दाच्या जागी रोमन अक्षरे, अवतरणचिन्हे आणि उलटसुलट आकड्यांची रांग दिसते. तो फाँट आणि तो संगणक असेल तरच ती मराठी. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण मराठी छपाईने ते मनावर घ्यायला फार उशीर केला. त्यामुळे १९९८ साली निघालेल्या एखाद्या पुस्तकाची छापील प्रत आज सहज वाचता येते आणि त्याच पुस्तकाची इलेक्ट्रॉनिक प्रत बहुधा वाचता येत नाही. ज्यांना वाटते की एकदा फाइल झाली की पुस्तक अमर झाले, त्यांनी एखाद्या जुन्या डीटीपी केंद्रातल्या सीडींचा डबा तपासून पाहावा. कागद पिवळा पडतो तेव्हा निदान दिसतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. तो असा की ज्या जिल्ह्यात चांगले पुस्तकाचे दुकान शोधावे लागते तिथे इलेक्ट्रॉनिक प्रकाशनाने जेवढे दिले तेवढे शंभर वर्षांच्या वाचनालयांनी दिले नाही. खरेच आहे. निजामाच्या राज्यात १८८४ साली निघालेले औरंगाबाद जिल्ह्याचे गॅझेटियर, ज्यात जालन्याची माहिती आहे, पूर्वी पाहायचे तर मोठ्या शहरातल्या ग्रंथालयात ओळख काढून जावे लागे. आज ते परतूरचा विद्यार्थी मोबाइलवर वाचू शकतो. विश्वकोशाचे खंड, साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तके फुकट उतरवून घेता येतात. ई-साहित्य प्रतिष्ठानसारखे प्रयत्न आहेत, प्रतिलिपीवर हजारो मराठी माणसे लिहितात, ऐकण्याची पुस्तके आली. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ मध्ये देशाला खुले झाले. या सगळ्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण या उदाहरणांत दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. गॅझेटियर मोबाइलवर आले, कारण त्याची छापील प्रत कुठल्यातरी ग्रंथालयाने सव्वाशे वर्षे जपली आणि प्रताधिकार संपल्यावर ती कोणीतरी स्कॅन केली. मोबाइलने ती पोचवली. ती जपण्याचे श्रेय त्याचे नाही. पोचवण्याची सोय जपण्याच्या बदल्यात घेतली की काय होते, हे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने दाखवले. सरकारी पैशाने लाखो पुस्तकांचे स्कॅनिंग झाले, त्यात मराठी पुस्तकेही भरपूर होती, आणि पुढे ते संकेतस्थळच बंद पडले. आज त्यातली पुस्तके मिळतात ती प्रामुख्याने अमेरिकेतल्या इंटरनेट अर्काइव्हवर, कारण कोणीतरी वेळेवर त्यांच्या प्रती उचलून ठेवल्या. त्या संस्थेवरही प्रकाशकांनी खटला भरला आणि २०२४ मध्ये अपिलातही निकाल तिच्या विरुद्ध गेला. तो निकाल प्रताधिकारातल्या पुस्तकांच्या ई-देवघेवीपुरता आहे, जुन्या मराठी पुस्तकांना त्याने धक्का लागत नाही. तरी आपल्या भाषेची पुस्तके कोणाच्या ओसरीवर टेकली आहेत हे त्यावरून कळते.

शिवाय फुकट जे आहे ते सगळ्यांना सारखे फुकट नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने ‘एक राष्ट्र एक सदस्यत्व’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, तेरा हजारांच्या घरात नियतकालिके. लाभ कोणाला, तर शासकीय उच्च शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांना. नवीन जालन्यातल्या सार्वजनिक वाचनालयात बसणारा निवृत्त शिक्षक, बियाण्यांच्या धंद्यातला माणूस, पोलाद कारखान्यातला फोरमन यांना त्यात जागा नाही. म्हणजे वाचनाचा हक्क इथे नागरिक म्हणून मिळत नाही, नोंदणीकृत विद्यार्थी किंवा संशोधक म्हणून मिळतो, आणि पदवी घेऊन बाहेर पडले की संपतो. सार्वजनिक ग्रंथालयाच्या दाराशी कोणी असा दाखला विचारत नव्हते.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. तुम्ही कागदाच्या टिकाऊपणाचे गोडवे गाता, पण मराठवाड्यात कागद टिकला कुठे? वाळवी आहे, गळकी छपरे आहेत, कार्यकारिणी बदलली की रद्दीवाल्याला बोलावण्याची हौस आहे. हेही खरे. त्यात निजामी राजवटीची भर होती. राज्यकारभार उर्दूत, १९१८ च्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूत. मराठी वाचनालय चालवणे ही तेव्हा भाषेची बाजू घेण्याची गोष्ट होती. आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर बंदी आली की ते दुसऱ्या नावाने निघे. अशा अंकांचे संच पूर्ण राहावेत कसे? तरीही जे राहिले ते का राहिले याकडे पाहावे. ते अनेक ठिकाणी होते म्हणून राहिले. रामदासांचा जन्म घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा, पण समर्थ संप्रदायाची बाडे मठामठांतून नकलून ठेवलेली होती. म्हणूनच शंकर श्रीकृष्ण देवांना ती गोळा करून धुळ्याला वाग्देवता मंदिर उभारता आले. एक मठ जळाला असता तरी दुसऱ्यात नक्कल होती. छापील पुस्तकाने हे अनेकत्व हजारपटीने वाढवले. भाड्याच्या ई-पुस्तकात ते उलटे आटते. लाख वाचकांना दिसणारी फाइल प्रत्यक्षात एका कंपनीच्या ताब्यात असते आणि कंपनीने हात काढला की लाखांची एकदम जाते. इलेक्ट्रॉनिक तंत्र मुळात असे नाही. त्याला नक्कल करणे सर्वांत स्वस्त आहे. त्या स्वस्ताईला कुलूप घातले ते कराराने.

आणि जालना जिल्ह्याला तरी जुन्या कागदाची किंमत नव्याने सांगावी लागू नये. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातल्या आंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला निघाली. मोडीचे जाणकार, उर्दूचे जाणकार धुंडाळले गेले, महसुली दप्तरे आणि शाळांची रजिस्टरे उघडली गेली, सापडलेल्या नोंदी स्कॅन होऊन संकेतस्थळांवर आल्या. २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयाने हैदराबाद गॅझेटियर तर रोजच्या बातमीतला शब्द झाला. आरक्षणाच्या बाजूने वा विरुद्ध कोणाचे काहीही मत असो, इतक्या जुन्या नोंदींवर आज लोकांचे दाखले अवलंबून राहिले हे तर सगळ्यांनी पाहिले. त्या नोंदी करणाऱ्या कारकुनाला हे स्वप्नातही सुचले नसेल. आता आजच्या नोंदींचा विचार करा. जालना नगरपरिषदेची २०२३ मध्ये महानगरपालिका झाली. प्रारूप आराखडे, ठराव, निविदा, हरकतींच्या सूचना आता पीडीएफच्या रूपात निघतात. संकेतस्थळाची रचना बदलली, ठेकेदार बदलला, की जुने दुवे मरतात. संस्थांच्या स्मरणिका, बियाणे कंपन्यांची हंगामी माहितीपत्रके, स्थानिक साप्ताहिकांचे अंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि महिन्याभरात फोनमधून पुसले जातात. राष्ट्रीय ग्रंथालय हे जपणार नाही, त्याला ते ठाऊकही नाही. अ‍ॅमेझॉनला त्यात रस नाही. हे जपणे जिल्ह्यातल्या ग्रंथालयाशिवाय कोणाला जमणारे नाही.

म्हणूनच ‘सगळे नेटवर मिळते तर वाचनालय कशाला’ या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की देवघेवीचे काम ग्रंथालयाकडून हळूहळू जाणार आहे, ते अडवण्यात शक्ती घालवू नये. जतनाचे काम मात्र त्याच्याकडे नव्याने येते आहे. अनेक ग्रंथालयांचे आज स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासिकेत रूपांतर झाले आहे. त्यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, पण दिवे लागलेले आणि खुर्च्या भरलेल्या असणे ही लहान गोष्ट नाही. अभ्यासिकेच्या वर्गणीवर चालणारे ग्रंथालय एका संगणकावर स्थानिक साहित्याचा संग्रह ठेवू शकते. लेखकाकडून आणि प्रकाशकाकडून युनिकोडमधली फाइल घ्यावी, सोबत साठवण्याची आणि ग्रंथालयात वाचायला देण्याची लेखी परवानगी घ्यावी. म्हणजे कायद्याने न दिलेला हक्क करारानेच मिळवता येतो. नक्कल दुसऱ्या तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवावी, भोकरदनची जालन्यात, जालन्याची अंबडला. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणाली नोंदींसाठी उपलब्ध आहेच.

राहता राहिला पैशाचा आक्षेप. यंत्रांना लागणारा पैसा फार नाही, तो एखाद्या देणगीदाराकडून उभा राहतो, त्याच्या नावाची पाटीही लागते. न मिळणारा पैसा माणसाचा आहे. फाइल उघडते का हे वर्षातून एकदा तपासणारा, परवानगीपत्राचा पाठपुरावा करणारा, शासकीय संकेतस्थळावरचा ठराव बदलण्याआधी उतरवून घेणारा माणूस ड वर्गाच्या अनुदानात पूर्णवेळ ठेवता येत नाही. ग्रंथपालाला मोलमजुरीपेक्षाही कमी पैसे हाती पडावेत आणि त्याच्याकडून एका जिल्ह्याच्या स्मृतीची राखण अपेक्षावी, हे चालणार नाही. म्हणून १९७० च्या नियमांत ई-साहित्य कोणत्या रकान्यात धरायचे याआधी त्या नियमांतला वेतनाचा भाग नव्याने लिहावा लागेल. ग्रंथसंख्येऐवजी जतन केलेल्या आणि प्रत्यक्ष उघडणाऱ्या स्थानिक साहित्यावर अनुदानाचा काही हिस्सा बांधला, तर तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यालाही कपाटे मोजण्याऐवजी एखादी फाइल उघडून दाखवा असे म्हणता येईल.

नवीन जालना